शक्यतांची खतावणी

क्वांटम संगणकावरचा कुठलाही लेख उघडा, त्यात एक वाक्य बहुधा सापडतंच: साधा संगणक एका वेळी एक उत्तर तपासतो, क्वांटम संगणक मात्र सगळी उत्तरं एकदम तपासतो. वाक्य लक्षात राहतं, दुसऱ्याला सांगायला सोपं जातं आणि चुकीचं आहे. या यंत्रात खरी गंमत जिथे आहे, नेमकी तीच जागा ते झाकून टाकतं.

समजा, एखाद्या यंत्रात दहा लाख उत्तरं खरोखरच एका क्षणी तयार झाली. ती वाचणार कशी? क्वांटम जगाचा नियम असा की वाचायला गेलात की त्यातलं एकच हाती लागतं. कुठलं, ते नशिबावर. उरलेली नाहीशी होतात. म्हणजे लॉटरीच्या पिंपात हात घालून एक चिठ्ठी काढल्यासारखं झालं. तेवढ्यासाठी महागडं यंत्र कशाला? डोळे मिटून एखादा आकडा सांगितला तरी फळ तेच. अलेक्झांडर होलेवो या रशियन गणितज्ञाने १९७३ मध्ये ही मर्यादा सिद्धच करून ठेवली. आजच्या भाषेत सांगायचं तर पन्नास क्यूबिट पाठवून पन्नास बिटांपेक्षा जास्त मजकूर पोचवता येत नाही.

मग करामत कशात आहे? वजाबाकीत. हे प्रकरण त्या वजाबाकीचं आहे.

दोनदा उडवलेलं नाणं

नाणं उडवा. छापा किंवा काटा, निम्मी-निम्मी शक्यता. न बघता तेच नाणं पुन्हा उडवा. अजूनही निम्मी-निम्मी. शंभरदा उडवलंत तरी त्यात फरक पडायचा नाही. उडवाउडवीने अनिश्चितता कमी झाली, असं कधी होत नाही. विस्कटलेले पत्ते आणखी पिसून कुणाचा जोड लागला आहे का?

आता नाण्याऐवजी प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन घ्या, आणि हाताऐवजी अर्धपारदर्शक आरसा. हा आरसा पडलेल्या प्रकाशातला निम्मा आरपार सोडतो, निम्मा परतवतो. फोटॉन एकेक करून सोडले तर प्रत्येक कण एक तर आरपार जातो किंवा परततो. अर्धा अर्धा कधीच सापडत नाही. दोन्ही वाटांवर कण मोजणारं यंत्र लावलं की निम्मे इकडे, निम्मे तिकडे. इथवर हे आपलं छापा-काट्याचंच नाणं आहे.

मोजणी यंत्रं काढून घ्या. दोन्ही वाटा साध्या आरशांनी वळवून दुसऱ्या अर्धपारदर्शक आरशावर एकत्र आणा, वाटांची लांबी अगदी सारखी ठेवा आणि मोजणी त्याच्या पलीकडे करा. नाणं दुसऱ्यांदा उडवल्यासारखंच हे. तरी सगळेच्या सगळे फोटॉन एकाच यंत्रात जाऊन पडतात आणि दुसरं रिकामं राहतं. आता दोनपैकी एक वाट पुठ्ठा लावून बंद करा. इतका वेळ रिकामं राहिलेलं यंत्र मोजू लागतं! रस्ता बंद केल्यावर गाड्या पोचायला लागाव्यात, तसं. एकेका फोटॉनवरचा या जातीचा प्रयोग फिलिप ग्रांज्ये, जेरार रोजे आणि अलँ अस्पे यांनी फ्रान्समध्ये करून १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे ही केवळ कागदावरची कल्पना उरलेली नाही.

नेहमीच्या शक्यतांच्या हिशेबात हे बसत नाही, कारण त्या हिशेबात फक्त जमेचा रकाना असतो. एखादी गोष्ट दोन वाटांनी घडू शकत असेल तर दोन्ही शक्यतांची बेरीज करायची. वाट वाढली की शक्यता वाढते, निदान घटत तरी नाही. निसर्ग मात्र सूक्ष्म पातळीवर दुकानदारासारखी वही ठेवतो. तिथे जमा आहे, तसंच नावेही आहे. प्रत्येक वाटेच्या नावाने एक आकडा लिहिलेला असतो आणि तो अधिक किंवा उणे असू शकतो. इंग्रजीत त्याला अँप्लिट्यूड म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत आयाम. आधी सगळ्या वाटांच्या आयामांची चिन्हांसकट बेरीज करायची, मग त्या बेरजेचा वर्ग घ्यायचा. तो वर्ग म्हणजे शक्यता. (काटेकोर बोलायचं तर आयाम ही संमिश्र संख्या असते, पण या प्रकरणापुरतं आपलं काम उणे चिन्हावर भागेल.)

आरशांचा हिशेब मांडून बघू. अर्धपारदर्शक आरशापाशी प्रत्येक फाट्याचा आयाम सुमारे ०.७०७, कारण त्याचा वर्ग अर्धा येतो. दोन आरसे ओलांडणाऱ्या वाटेचा आयाम म्हणजे ०.७०७ गुणिले ०.७०७, म्हणजे अर्धा. आरशाच्या एका विशिष्ट बाजूने परतताना चिन्ह उलटतं, एवढी एकच जादाची अट. पहिल्या यंत्रात पोचणाऱ्या दोन वाटा: अधिक अर्धा, अधिक अर्धा. बेरीज एक, शक्यता पूर्ण. दुसऱ्या यंत्राच्या दोन वाटा: अधिक अर्धा, उणे अर्धा. बेरीज शून्य, म्हणून ते रिकामं. पुठ्ठा लावला की उणेची नोंद खोडली जाते, अर्धा शिल्लक राहतो आणि त्याचा वर्ग येतो पाव. मोजलं तर चारातला एक फोटॉन तिथे सापडतो.

या जमा-नावेला भौतिकशास्त्रात व्यतिकरण म्हणतात. विहिरीत दोन दगड टाकले की लाटा एके ठिकाणी एकमेकींना उचलतात आणि दुसरीकडे बुडवतात, तोच प्रकार. फक्त इथे पाण्याऐवजी शक्यता हेलकावत असतात.

आणि मध्येच डोकावलं तर? फोटॉन कुठल्या वाटेने गेला हे वाटेतच टिपलं, तर वही तिथेच बंद होते. एकच वाट खरी ठरते, दुसरीची नोंद पुसली जाते, वजा करायला काही उरत नाही आणि दोन्ही यंत्रं पुन्हा निम्मं-निम्मं मोजतात. ही गोष्ट लक्षात असू द्या. क्वांटम संगणक बांधणाऱ्यांची डोकेदुखी इथेच सुरू होते.

परार्धाच्या पुढे

ज्याच्या दोन अवस्थांना असे चिन्हांकित आयाम देता येतात आणि ते आपल्याला हवे तसे फिरवता येतात, त्या वस्तूला क्यूबिट म्हणायचं. बेंजामिन शूमाकर यांच्या १९९५ च्या लेखातून हा शब्द रुळला. क्यूबिट फोटॉनचा असतो, विद्युतक्षेत्रात तरंगत ठेवलेल्या एका आयनाचा असतो, किंवा अतिसंवाहक धातूच्या इवल्याशा मंडलाचा असतो. डोळ्यांनी दिसण्याएवढं विद्युतमंडल क्वांटम नियम पाळतं हे १९८०च्या दशकात दाखवल्याबद्दल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 'पुंज संगणक' असा मराठी प्रतिशब्द आहे खरा. बोलण्यात तो वापरणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

एका क्यूबिटच्या वहीत दोन नोंदी: शून्याची आणि एकाची. दोन क्यूबिटच्या वहीत चार: ००, ०१, १०, ११. तिसऱ्याने आठ होतात. दर क्यूबिटला वही दुप्पट. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त दशमान स्थानांची नावं एकं, दहं, शतं करत परार्धाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. सत्तावन्न क्यूबिट झाले की वहीतल्या नोंदी परार्ध ओलांडतात. तीनशे क्यूबिटच्या नोंदी दृश्य विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त भरतात.

इथे हुशार वाचक अडवेल, आणि त्याने अडवावंच. पन्नास साधी नाणी उडवली तरी निकाल दोनाच्या पन्नासाव्या घाताइतके असतात, त्यात नवल काय? बरोबर. पण स्वतंत्र नाण्यांची माहिती पन्नास चिठ्ठ्यांवर मावते, दर नाण्याला एक चिठ्ठी. पन्नास क्यूबिटांची सर्वसाधारण अवस्था तशी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांत विभागता येत नाही. सगळ्यात साधं उदाहरण दोघांचं: वहीत फक्त ०० आणि ११ या नोंदी, ०१ आणि १० कोऱ्या. यातल्या एकट्याला विचारलंत तर उत्तर निव्वळ छापा-काटा, पण दोघांची उत्तरं कायम जुळणार. माहिती या क्यूबिटमध्ये नाही आणि त्याही क्यूबिटमध्ये नाही, ती दोघांच्या मधल्या नात्यात आहे. श्रोडिंजरने १९३५ मध्ये याला जर्मन नाव दिलं. इंग्रजीत ते एन्टँगलमेंट झालं, आपण गुंता म्हणू. हा गुंता म्हणजे आधीच ठरवून केलेली हातचलाखी नाही, हे तपासायची कसोटी जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दिली, आणि ती प्रयोगात उतरवल्याबद्दल क्लाउझर, अस्पे आणि त्सायलिंगर यांना २०२२ मध्ये नोबेल मिळालं. अस्पे म्हणजे वर आरशांच्या प्रयोगात आलेलेच. गुंत्यातून निरोप मात्र पाठवता येत नाही, टेलिपथी वगैरे तर नाहीच.

साध्या संगणकावर पन्नास गुंतलेल्या क्यूबिटांची वही जशीच्या तशी लिहायची तर हजारो टेराबाइट जागा लागेल. याचा वैताग रसायनशास्त्रज्ञांना फार आधीपासून होता, कारण रेणूतले इलेक्ट्रॉन असेच गुंतलेले असतात. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये एमआयटीच्या एका परिषदेत हा वैतागच उलटा फिरवला. निसर्गाची वही लिहून काढणं जमत नसेल तर निसर्गाच्याच नियमांनी चालणारं यंत्र बांधा आणि वही त्यालाच सांभाळू द्या, असा त्यांचा सूर होता. पॉल बेनिऑफ आणि यूरी मानिन यांनीही त्याच सुमारास या वाटेवर पाऊल टाकलं होतं. कुठलंही क्वांटम गणित करू शकेल अशा सर्वसाधारण यंत्राची व्याख्या डेव्हिड डॉइच यांनी १९८५ मध्ये मांडली.

चार डबे

आता वजाबाकीने काम कसं होतं ते शेवटपर्यंत करून बघू. आकडेमोड तिसरी-चौथीतली आहे.

फळीवर चार सारखे डबे आहेत, एकात साखर. साधी पद्धत म्हणजे झाकणं उघडत जायचं. नशीब रुसलं तर तीन डबे उघडावे लागतात. तिसराही रिकामा निघाला की चौथ्यात साखर असणार हे कळतंच. क्वांटम यंत्राला एकदा तपासणं पुरतं.

दोन क्यूबिटांच्या वहीत चार नोंदी, दर डब्याला एक. सुरुवातीला सगळ्यांचे आयाम सारखे: अर्धा, अर्धा, अर्धा, अर्धा. प्रत्येकाचा वर्ग पाव, चारांची बेरीज एक. आत्ता वाचलंत तर अंदाजपंचे उत्तर मिळेल. म्हणून वाचायचं नाही. आधी तपासणीची पायरी: ज्या डब्यात साखर आहे त्याच्या नोंदीचं चिन्ह उलटतं. समजा तो तिसरा. आता वहीत अर्धा, अर्धा, उणे अर्धा, अर्धा. आत्ता वाचलंत तरीही उपयोग नाही, कारण उणे अर्ध्याचा वर्गही पावच. यंत्राला जणू उत्तर 'ठाऊक' आहे, पण ते चिन्हात दडलंय आणि चिन्ह थेट वाचता येत नाही.

पुढची पायरी लव कुमार ग्रोव्हर यांची. आयआयटी दिल्लीतून बाहेर पडलेले हे अभियंते बेल लॅब्समध्ये असताना १९९६ मध्ये त्यांनी ती सुचवली: प्रत्येक नोंद सरासरीच्या पलीकडे तेवढीच ढकला. चारांची सरासरी काढा. दीड वजा अर्धा म्हणजे एक, भागिले चार, पाव. अर्धा हा पावापेक्षा पावाने वर आहे. त्याला पावाच्या खाली पावाने नेला की शून्य. उणे अर्धा सरासरीपेक्षा पाऊण खाली आहे. तो पाऊण वर गेला की एक. वहीत आता शून्य, शून्य, एक, शून्य. आता वाचा. तिसरा डबा, शंभर टक्के.

या गणितात सगळी उत्तरं एकदम तपासून बरोबर असलेलं उचलण्याचा प्रकार कुठे झालाच नाही. चुकीच्या उत्तरांच्या जमा-नावे नोंदी एकमेकींना खाऊन गेल्या, आणि सगळी शक्यता बरोबर उत्तराच्या खात्यावर येऊन पडली.

आणखी एक मौज. शहाणपणा करून या दोन्ही पायऱ्या पुन्हा केल्या तर काय होतं? चिन्ह उलटून शून्य, शून्य, उणे एक, शून्य. सरासरी उणे पाव. पलीकडे ढकलल्यावर तिसऱ्याचा आयाम अर्धा, बाकीच्यांचा उणे अर्धा. शक्यता पुन्हा पावच, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. एकतारी पाकावर नजर ठेवावी लागते तसं हे आहे. तार आली की गॅस बंद, आणखी उकळलात तर पाक हातचा गेला. दहा लाख डबे असतील तर तार यायला सुमारे ७८५ फेऱ्या लागतात. एकेक उघडत गेलात तर सरासरी पाच लाख. फायदा मोठा आहे, पण जादू नव्हे: फेऱ्या डब्यांच्या वर्गमुळाच्या हिशेबाने लागतात, आणि त्याखाली जाणं क्वांटम यंत्रालाही शक्य नाही. बेनेट, बर्नस्टाइन, ब्रासार आणि उमेश वझिरानी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ते सिद्ध केलं आहे. 'सगळं एकदम' हे वाक्य खरं असतं तर एका फेरीत दहा लाख डबे उरकायला हवे होते.

समेवर येणं

वर्गमुळापेक्षा कितीतरी मोठा फायदा होतो तो प्रश्नाच्या पोटात काही लय असेल तर. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये, बेल लॅब्समध्येच, अशी लय संख्यांच्या अवयवांत शोधली.

पंधराचे अवयव काढायचे आहेत असं समजू. तोंडी येतात, पण पद्धत कळायला बरे. सातचे घात घ्या आणि पंधराने भागून बाकी लिहा: १, ७, ४, १३, आणि पुन्हा १, ७, ४, १३. चार मात्रांचं आवर्तन झालं; पाचव्याला आपण समेवर आलो. आवर्तनाचा अर्धा, म्हणजे दोन. सातचा दुसरा घात ४९. त्याच्या अलीकडची संख्या ४८, पलीकडची ५०. पंधरा आणि ४८ यांचा मसावि ३, पंधरा आणि ५० यांचा मसावि ५. झाले अवयव. शाळेत मसावि कशासाठी शिकतो, याचं बऱ्यापैकी उत्तर इथे मिळतं.

छोट्या संख्येत आवर्तन बोटांवर मोजता येतं. आंतरजालावरचे व्यवहार सांभाळणाऱ्या आरएसए कुलुपात मात्र सहाशे सतरा अंकी संख्या वापरतात, आणि तिची आवर्तनं इतकी लांब असतात की मोजत बसलो तर सम येतच नाही. शोर यांचं यंत्र मोजत बसत नाही. ते सगळ्या बाक्या वहीत मांडतं आणि मग लय तपासतं. अनोळखी ठेक्यावर टाळी धरून बघा. ठेका चाराचा आणि तुम्ही पाचाची टाळी धरलीत तर टाळी दर वेळी वेगळ्या मात्रेवर पडते; एकदा जमेच्या बाजूला, एकदा नावेच्या, आणि लांब पल्ल्यात सगळी बेरीज शून्याकडे जाते. चाराची धरलीत तर प्रत्येक टाळी त्याच जागी पडते आणि बेरीज फुगत जाते. क्वांटम फूरिए रूपांतर नावाची पायरी हा हिशेब सगळ्या लांबींसाठी वहीतच करते. बेताल लांबींचे आयाम मरतात, आवर्तनाची खूण सांगणारे उरतात. वाचल्यावर मग त्यातलंच एखादं हाती लागतं. इथेही वजाबाकीच!

आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेने २००१ मध्ये सात क्यूबिट वापरून याच पद्धतीने १५चे अवयव ३ आणि ५ काढून दाखवले. हसायला हरकत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, मात्र २०२४ च्या ऑगस्टमध्ये क्वांटम संगणकालाही फोडता येणार नाहीत अशा बेताच्या नव्या कुलुपांची पहिली मानकं जाहीर केली, कारण आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उघडता येईल ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

वहीवरची धूळ

वजाबाकी साधते ती मध्ये कुणी डोकावलं नाही तरच. आणि डोकावण्यासाठी माणूस लागत नाही. हवेचा एखादा रेणू आपटला, बाजूच्या तारेतून उष्णतेचा एक भरकटलेला फोटॉन आला, क्यूबिटची अवस्था त्याच्यावर जराशी उमटली, की तेवढंही डोकावणंच. म्हणून अतिसंवाहक क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एक-दोन शतांश इतक्या तापमानाला ठेवतात. अंतराळाचं तापमान २.७ केल्विन असतं; हे शीतयंत्र त्याच्या शंभरपटीहून थंड. फोटोत सोनेरी झुंबरासारखं जे दिसतं ते बहुतेक करून हे शीतयंत्रच असतं. संगणक म्हणावी ती चिप त्याच्या तळाशी, बोटाच्या पेरांत मावेल एवढी.

इतकं करूनही चुका होतात, साधारण हजार क्रियांमागे एखाद-दोन. साध्या संगणकात चूक टाळायला तीन प्रती ठेवून बहुमत घेता येतं. इथे प्रतच काढता येत नाही: अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल अशक्य आहे, हे वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, १९८२ मध्ये दाखवलं. बरेच जण तिथेच निराश झाले होते. पुन्हा शोरच मदतीला आले. १९९५ मध्ये त्यांनी एका क्यूबिटचा मजकूर नऊ क्यूबिटांच्या गुंत्यात पसरवून ठेवला. मग कुणालाही 'तू शून्य की एक?' असं विचारायचं नाही. दोघांना मिळून 'तुम्ही सारखे आहात का?' एवढंच विचारायचं. भांडण कुठे झालं ते कळतं, मजकूर न वाचलेलाच राहतो.

या दुरुस्तीची किंमत जबर आहे. सहाशे सतरा अंकी कुलूप फोडायला दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील, असा अंदाज क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये केला. २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो दहा लाखांच्या आत आणला, वेळ एका आठवड्याच्या आत. तेव्हाची नावाजलेली यंत्रं शे-दीडशे क्यूबिटांच्या घरातली. गूगलच्या विलो चिपवर १०५ क्यूबिट आहेत. तिच्यावर डिसेंबर २०२४ मध्ये दिसलेली गोष्ट आकड्यापेक्षा मोलाची होती: एकाच मजकुरासाठी जास्त क्यूबिट लावत गेलं तसतशी चूक निम्म्याने घटत गेली. त्याआधी जास्त क्यूबिट म्हणजे बहुधा जास्त धूळ, असाच अनुभव होता. दोनशे सेकंदांत दहा हजार वर्षांचं काम केल्याच्या गूगलच्या २०१९ च्या दाव्यापेक्षा मला हे मोठं वाटतं. तो दावा जाहीर होत असतानाच आयबीएमने हेच काम महासंगणकावर अडीच दिवसांत होईल असं म्हटलं होतं, आणि त्या कामाचा व्यवहारात उपयोगही काही नव्हता.

आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्याआधीपासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाहक क्यूबिट बनताहेत. पुण्यातली डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्या साथीने तिथल्या सहा क्यूबिटांच्या यंत्राची अथपासून इतिपर्यंत चाचणी झाल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं: दुरून, क्लाउडवरून गणित धाडायचं, ते यंत्रावर चालवायचं, उत्तर परत आणायचं. सहा क्यूबिट म्हणजे चौसष्ट नोंदी. एवढी वही फुलस्केपच्या दोन पानांत मावते, त्यामुळे यंत्राने दिलेल्या उत्तराचा ताळा अजून कुणालाही घरी बसून करता येतो.